मायक्रॉन मोजला, पण टिकाऊपणा? कॅशमिअर स्वेटरच्या सल्ल्याची उलटतपासणी

थंड देशात शिकायला निघालेल्या मुलामुलींना कॅशमिअरचा स्वेटर घेताना जो सल्ला मिळतो, तो बहुतेक एकाच साच्यातला असतो. लेबलवर शंभर टक्के लिहिलंय का बघा, मायक्रॉन कमी असलेला घ्या, दुपदरी धागा घ्या, गोळे धरतो तो माल हलका, आणि फार स्वस्त दिसला की पुढे चला. यातलं प्रत्येक वाक्य थोडंफार खरं आहे. पण संशोधनाची तयारी करणाऱ्याला हा सल्ला एकत्र वाचताना काहीतरी खटकायला हवं. प्रश्न आहे "हा स्वेटर किती हिवाळे टिकेल?" आणि उत्तरं मिळतायत "हा धागा कोणत्या जनावराचा?" आणि "हाताला कसा लागतो?" या भलत्याच प्रश्नांची.

पेटसाठी आपण 'वैधता' पाठ करतो: साधन जे मोजायचं ठरवलंय तेच मोजतं का? ती व्याख्या पाठ असणं वेगळं आणि दुकानात आठवणं वेगळं. शिष्यवृत्तीच्या पहिल्या हप्त्यातून घेतलेला स्वेटर फेब्रुवारीतच कोपरावर विरला तर तो मोजमापाचाच घोटाळा असतो, फक्त त्याची किंमत व्हायवात नाही, खिशातून द्यावी लागते.

सुरुवात व्याख्येपासून करू. अमेरिकेच्या १९३९ च्या लोकर-लेबल कायद्यात २००६ साली दुरुस्ती होऊन कॅशमिअरची व्याख्या आली. कॅशमिअर शेळीच्या राठ केसांखाली असलेली मऊ लोकर, राठ केस काढून टाकलेली. तंतूंचा सरासरी व्यास १९ मायक्रॉनपेक्षा जास्त नको. ३० मायक्रॉनच्या वरचे तंतू वजनाने ३ टक्क्यांपेक्षा जास्त नकोत. आणि विचलन गुणांक, म्हणजे प्रमाण विचलन भागिले सरासरी, २४ टक्क्यांच्या आत. कार्यात्मक व्याख्या कशी लिहावी याचा हा चांगला नमुना आहे. नुसती सरासरी देऊन मोकळं न होता तिच्याभोवतीचा पसारा आणि जाड तंतूंचं शेपूट, दोन्ही बांधून टाकलेत. आपल्यातले किती जण सिनॉप्सिसमध्ये एवढं करतात?

पण या व्याख्येत एक शब्द कुठेच नाही: लांबी. तंतू किती लांब आहे याबद्दल कायदा गप्प आहे. त्याला दोष देता येत नाही, कारण त्याचं काम ओळख पटवण्याचं, फसवणूक रोखण्याचं. दोष आपला, की ओळखीची अट आपण गुणवत्तेची अट म्हणून वाचतो. आखूड तंतूंचा, राठ केस काढताना तुटलेल्या तंतूंचा, जुन्या कपड्यांतून पुन्हा पिंजलेल्या लोकरीचा स्वेटरही शंभर टक्के कॅशमिअर असू शकतो. लेबल खोटं नाही. ते फक्त तुमच्या प्रश्नाचं उत्तर देत नाही.

आता मायक्रॉन. इथे थोडं गणित करावंच लागेल, घाबरू नका. गोल तंतू वाकवायला किती जड हे त्याच्या व्यासाच्या चौथ्या घातावर ठरतं. १५ आणि १९ मायक्रॉनचे दोन तंतू घ्या. १९ भागिले १५ म्हणजे सुमारे १.२७, त्याचा चौथा घात जवळजवळ २.६. व्यासात फक्त चार मायक्रॉनचा फरक, पण जाड तंतू अडीचपटीहून जास्त ताठ. तो कातडीला टोचतो, बारीक तंतू टोचण्याऐवजी वाकतो. म्हणून मऊपणा मोजायचा असेल तर मायक्रॉन हे चांगलं माप आहे, त्याला नावं ठेवायचं कारण नाही.

टिकाऊपणाचं काय? तंतू तुटायला लागणारा जोर त्याच्या छेदाच्या क्षेत्रफळावर, म्हणजे व्यासाच्या वर्गावर अवलंबून असतो. त्याच द्रव्याचा १५ मायक्रॉनचा तंतू १९ च्या तुलनेत सुमारे ६२ टक्के जोरातच तुटेल. शिवाय जो तंतू सहज वाकतो तो शेजारच्यात सहज गुरफटतोही, आणि गोळा म्हणजे तरी काय, गुरफटलेले तंतूच. म्हणजे जो आकडा 'उत्तम प्रत' म्हणून विकला जातो तो टिकण्याच्या बाबतीत थोडा उलटाच धावतो. थोडाच, कारण तेवढ्याच जाडीच्या धाग्यात बारीक तंतू दीडपटीहून जास्त संख्येने बसतात आणि धागा एकसारखा होतो. "बाकी सर्व समान असताना" हे शब्द आपण सवयीने लिहितो. इथे बाकी काहीच समान राहत नाही.

तंतूच्या लांबीकडे परत येतो, कारण माझ्या मते खरी मेख तिथे आहे. धाग्यातला तंतू जागेवर राहतो तो पिळामुळे आणि शेजाऱ्यांशी होणाऱ्या घर्षणामुळे. लांब तंतूला पकड जास्त मिळते आणि त्याची टोकंही कमी असतात. आखूड तंतू घासता घासता बाहेर सरकतो, आधी पृष्ठभागावर लव दिसते, मग लवेचे गोळे. हे टाळायला पीळ वाढवता येतो, टाके घट्ट घालता येतात. पण मग स्वेटर दुकानात जरा कडक लागतो, आणि हात फिरवून पारखणारं गिऱ्हाईक तो परत ठेवतं. त्याऐवजी पीळ ढिला ठेवून, शेवटच्या धुलाईत कापड जरा जास्त मळून लव वर काढली, की तोच माल लोण्यासारखा लागतो. त्या मऊपणात मायक्रॉनचा वाटा किती आणि मळण्याचा किती, हे बोटांना कळत नाही. संशोधनाच्या भाषेत सांगायचं तर दोन कारणांचा परिणाम एकाच निरीक्षणात मिसळलाय. वर त्यातलं दुसरं कारण आयुष्य कमी करणारं आहे.

टाक्यांच्या घट्टपणाचंही माप आहे. मंडन यांनी १९५९ मध्ये साध्या निटिंगच्या भूमितीवर जे काम प्रसिद्ध केलं, त्या परंपरेत घट्टपणा असा काढतात: धाग्याच्या टेक्सचं वर्गमूळ भागिले एका टाक्यात गेलेल्या धाग्याची लांबी. टेक्स म्हणजे एक किलोमीटर धाग्याचं ग्रॅममध्ये वजन. सूत्र बघितलं की लक्षात येईल, नुसते सेंटिमीटरमागे टाके मोजून दोन स्वेटरांची तुलना का करू नये. धाग्याची जाडी त्यात यायलाच हवी. हा आकडा मी आजवर एकाही लेबलवर पाहिलेला नाही.

मग गोळ्यांची चाचणी तरी? तिचं आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ १२९४५. कापड पेटीत घोळवतात किंवा मार्टिनडेल यंत्रावर घासतात, आणि ठरावीक टप्प्यांवर तपासनीस बघून ५ ते १ अशी श्रेणी देतात. ५ म्हणजे फरक नाही. माणसं डोळ्यांनी श्रेणी देतात म्हटल्यावर परीक्षकांमधली एकवाक्यता हा प्रश्न आलाच, पण मला त्याहून मोठी अडचण दुसरी वाटते. गोळे आयुष्यभर वाढत राहत नाहीत. ते बनतात, धरून राहतात आणि झडतात. पॉलिएस्टरसारखा मजबूत तंतू मिसळलेल्या कापडात गोळा नांगर टाकून बसतो. शुद्ध लोकरीत त्याला धरून ठेवणारे तंतू तुटतात आणि तो पडतो. म्हणजे पुढच्या टप्प्यावर श्रेणी सुधारलेली दिसू शकते, आणि नेमकी त्याच वेळी कापडातून लोकर वजा होत असते. श्रेणीच्या शेजारी वजन नोंदवलं तर हे कळेल. नुसत्या श्रेणीवरून "गोळे नाहीत म्हणजे उत्तम" म्हणणं धोक्याचं, कारण सिंथेटिकला धाग्याचा पीळ वाढवून चाचणीत सहज पास करता येतं.

घरगुती चाचण्यांवर फार शब्द घालवत नाही. अंगठीतून शाल काढून दाखवतात, त्यातून शाल पातळ आणि निसरडी आहे एवढंच कळतं, रेशमाचीही निघते. धागा जाळून केस जळल्याचा वास घेतला तर सिंथेटिक वगळता येतं, मेंढी आणि शेळी वेगळी करता येत नाही. त्या चाचणीला कोणता फरक करायचाय आणि कोणता फरक ती करते, एवढं विचारलं की दोन्ही निकालात निघतात. बरं, शाल आणि स्वेटर ही गल्लतही इथलीच. मराठीत दोन्हीला 'विणणे' म्हणतो, पण शाल मागावर ताण्याबाण्याने होते, स्वेटर टाक्यांनी, आणि दोन्हींची झीज वेगळी. काश्मीर पश्मिनाला २००८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात सूत हाताने कातलेलं आणि शाल हातमागावरची हवी. ही अट मला आवडते, कारण ती तंतूसोबत प्रक्रियेबद्दलही बोलते. यंत्रावर इतकं नाजूक सूत कातताना आधाराला नायलॉन मिसळून नंतर आम्लात विरघळवतात, त्यात लोकरही दुखावते. मायक्रॉनच्या आकड्यात ते दिसत नाही.

अजून एक लाडका पुरावा: "जुने स्कॉटिश स्वेटर बघा, चाळीस वर्षं झाली तरी नवे!" जे विरले ते पोतेरं होऊन केव्हाच गेले, आपल्यासमोर फक्त वाचलेले आले. यावरून पूर्वीचा सगळा माल चांगला होता असं म्हणता येत नाही. पण याच निवडीमुळे जुना स्वेटर विकत घेणं शहाणपणाचं ठरतं. त्याची सुटी लव झडून गेलेली असते आणि वर्षानुवर्षांची झीज सोसून तो उभा असतो. एकच निरीक्षण, निष्कर्षाला कच्चं, खरेदीला पक्कं. ही दोन वाक्यं एकत्र पचवता आली तर निवड-पूर्वग्रह हा धडा खरा समजला.

मुळात 'टिकला' म्हणजे काय हेच कोणी ठरवत नाही. स्वेटर तीन-चार प्रकारे संपतो. गोळ्यांनी लाज वाटण्याइतका कळकट होतो, कोपरावर किंवा काखेत विरतो, धुण्यात आटून नमद्यासारखा होतो, किंवा कसर लागते. पुण्यामुंबईत वर्षातले दहा महिने ट्रंकेत पडलेल्या स्वेटरचा खरा शत्रू शेवटचाच, आणि कसर मायक्रॉन विचारत नाही. घट्ट टाके विरण्यापासून वाचवतील, कसरीपासून नाही. या सगळ्यांना एकाच 'टिकाऊपणा'त कोंबून गुण दिले तर त्या गुणांचा अर्थ कोणालाच लावता येणार नाही.

लगेच खरेदी करायची असेल तर माझी पसंती अशी: उजेडासमोर धरून टाक्यांमधून फार आरपार दिसणारा नको, मनगटाची पट्टी ताणून सोडली की लगेच मूळ जागी यायला हवी, तळव्याने थोडं घासताच लव उठत असेल तर तो ठेवून द्या, आणि हात लावताच विरघळावं इतका मऊ असेल तर संशय घ्या. यातली एकही खूण लांबीचं थेट माप नाही, त्या लांबी-पिळाच्या सावल्या आहेत.

आणि कोणाला यावर प्रबंध करायचा असेल, तर ठाण्यात लोकर संशोधन संस्था आहे, इचलकरंजीला टेक्स्टाइलचं शिक्षण आहे, विषय परका नाही. एकाच धाग्याचे स्वेटर दोन घट्टपणांत विणून घ्या, मळणी सारखी ठेवा, कोणाला कुठला मिळतो हे चिठ्ठीने ठरवा, आणि तीन हिवाळे घालायला द्या. दर महिन्याला वजन, कोपराचा फोटो, किती वेळा घातला, किती वेळा धुतला, पाठीवर सॅक होती का. सॅकचा रकाना विसरू नका. खांद्यावरचे गोळे बहुतेक तिचेच असतात. नमुना मोठा घ्या, तीन वर्षांत निम्मे लोक स्वेटर हरवतील किंवा बहिणीला देऊन टाकतील, आणि ते का गेले याचीही नोंद लागेल.