वादळाचा पाठलाग आणि दोन चित्रपट

अमेरिकेच्या मध्यभागी टेक्सास, ओक्लाहोमा, कॅन्सस या राज्यांतून पसरलेल्या सपाट माळरानावर दर वर्षी वसंत ऋतूत एक विलक्षण उद्योग चालतो. ज्या वादळापासून सामान्य माणसे दूर पळतात, त्याच्याच शोधात काही माणसे मोटारी घेऊन बाहेर पडतात. या उद्योगावर हॉलिवूडने दोन मोठे चित्रपट काढले : यान द बाँट यांचा ‘ट्विस्टर’ (१९९६) आणि ली आयझॅक चुंग यांचा ‘ट्विस्टर्स’ (२०२४). दोन्ही लोकप्रिय झाले, आणि त्याबद्दल आमची तक्रार नाही. मात्र ज्या व्यासंगावर ते उभे आहेत, त्याचे मर्म त्यांत उतरले आहे काय, हा प्रश्न विचारणे आम्हांस अगत्याचे वाटते.

प्रथम त्या व्यासंगाविषयी थोडे. मेक्सिकोच्या आखातावरून येणारी उबदार दमट हवा, पश्चिमेच्या उंच प्रदेशावरून येणारी कोरडी हवा आणि वरच्या थरांतील वेगवान वारे यांची गाठ या माळावर पडते. उंचीनुसार वाऱ्याची दिशा आणि वेग बदलत गेले म्हणजे गर्जणारा मेघ स्वतःभोवती फिरू लागतो, आणि अशा काही मेघांतून टोर्नेडो जमिनीवर उतरतो. आपल्याकडची वावटळ उन्हाने तापलेल्या जमिनीवरून वर उठते. टोर्नेडोचे नाते मेघाशी असते. फिरणाऱ्या मेघांपैकीही बहुतेक टोर्नेडो न सोडताच विरून जातात. त्यामुळे पाठलाग करणाऱ्याचे बहुतेक दिवस नकाशे वाचण्यात, शेकडो मैल मोटार हाकण्यात आणि रिकाम्या आकाशाखाली वाट पाहण्यात जातात. डेव्हिड होडली यांनी १९५६ साली नॉर्थ डकोटात हा छंद आरंभला आणि १९७७ मध्ये ‘स्टॉर्म ट्रॅक’ हे नियतकालिक काढले. १९७३ मध्ये ओक्लाहोमातील युनियन सिटी येथे शास्त्रज्ञांनी प्रत्यक्ष पाहिलेला टोर्नेडो आणि डॉप्लर रडारची नोंद यांचा मेळ घातला गेला. धोक्याची सूचना आधी देता येण्याचा मार्ग त्यातून सुकर झाला. पाठलागाचे खरे श्रेय यात आहे.

‘ट्विस्टर’मध्ये हे श्रेय अगदीच नाकारलेले नाही. त्यातील ‘डोरोथी’ हे यंत्र केवळ कल्पनेतले नाही. १९८० नंतरच्या काही वर्षांत शास्त्रज्ञांनी ‘टोटो’ नावाचे जड पिंप टोर्नेडोच्या वाटेवर ठेवण्याचे प्रयत्न खरोखरच केले होते. वाऱ्याचा घोंघाव, माळाचा विस्तार, सोबत्यांची थट्टामस्करी हे सारे चित्रपटात जिवंत उतरले आहे. परंतु कथेची वाटणी पाहावी. पैशाच्या बळावर मिरवणारा दुराग्रही प्रतिस्पर्धी वादळात मरतो. निष्ठावान नायक-नायिका चामडी पट्ट्यांनी स्वतःला जमिनीतील नळांना बांधून घेतात आणि टोर्नेडो डोक्यावरून गेला तरी वाचतात. वादळाला येथे न्यायाधीशाचे आसन दिले आहे. पापपुण्याचा हिशेब ठेवणारे वादळ प्रेक्षकाला सुखावते, पण ते खरे नव्हे.

खरे काय, ते टिम सॅमरस यांच्या चरित्रात दिसते. त्यांनी उंच पिंपाऐवजी जमिनीलगत बसणारे बुटके, शंकूच्या आकाराचे यंत्र तयार केले. २४ जून २००३ रोजी साउथ डकोटातील मँचेस्टर या वस्तीजवळ टोर्नेडो त्या यंत्रावरून गेला आणि हवेचा दाब १०० मिलिबारांनी उतरल्याची नोंद मिळाली. आपल्या क्षेत्रात सावध म्हणून ज्यांची ख्याती, त्यांपैकी हे गृहस्थ होते. ३१ मे २०१३ रोजी ओक्लाहोमातील एल रीनो गावाजवळ सुमारे ४.२ किलोमीटर रुंदीच्या टोर्नेडोने अकस्मात दिशा व वेग बदलला, आणि सॅमरस, त्यांचे पुत्र पॉल व सहकारी कार्ल यंग हे तिघेही मृत्युमुखी पडले. निष्ठेने त्यांना तारले नाही, आणि त्यात त्यांच्या निष्ठेचा काही दोषही नव्हता.

‘ट्विस्टर्स’ या बाबतीत अधिक प्रौढ वाटतो, निदान आरंभी. नायिकेच्या प्रयोगात तिचे मित्र मरतात आणि ती माळ सोडून शहरात जाते. आपत्तीत घर गमावलेल्यांच्या जमिनी स्वस्तात लाटणारा व्यवहारही चित्रपट दाखवतो. शेवट मात्र एल रीनो गावातच घडतो. लोक चित्रपटगृहात आसरा घेतात, पडदा फाटून उडतो आणि त्याच्या जागी प्रत्यक्ष टोर्नेडो उभा राहतो. दोन्ही चित्रपटांतील हे सर्वांत अर्थपूर्ण चित्र होय, कारण करमणूक म्हणून पाहिलेले संकट येथे पाहणाऱ्यावरच येते. पण दिग्दर्शक तेथे थांबत नाही. नायिका टोर्नेडोत शिरते, रसायने सोडून त्याला विरवते आणि जिवंत परतते. ज्या गावाच्या शिवारात जाणत्या माणसाचा अंत झाला, तेथे असा विजय रचणे आम्हांस सवंगपणाचे वाटते.

हा केवळ रसभंगाचा प्रश्न नाही. पहिल्या चित्रपटानंतर माळावर हौशी माणसांची गर्दी वाढली. वादळाच्या वेळी रस्ते मोटारींनी तुंबले, तर जीव घेऊन निघालेल्या रहिवाशांनाही वाट मिळत नाही. अनुभवी माणूस परतीचा रस्ता आधी हेरून ठेवतो, पावसाने टोर्नेडो झाकला की मागे फिरतो, आणि त्या दिवशी काही दिसले नाही तरी उणेपणा मानत नाही. मागे फिरण्याचा हा प्रसंग कथेचा कळस म्हणून यांपैकी एकाही चित्रपटात नाही. वाचकांनी दोन्ही चित्रपट अवश्य पाहावेत. त्यांत कौशल्य पुष्कळ आहे. परंतु समोरच्या मेघाला ना शत्रू, ना न्यायाधीश मानणारा, आणि वेळीच गाडी वळवणाऱ्या माणसालाच नायक करणारा चित्रपट अजून निघायचा आहे, असे आमचे मत आहे.