प्रश्न क्रमांक ५४८

मंडळी, आपल्या या मिनेसोटात नॉर्वेजियन आडनावांची कमतरता नाही. ऑफिसात पाहा, शेजारी पाहा, ओल्सन आणि लार्सन भेटतातच. त्यांच्या पणजोबांनी येताना चर्च आणले आणि सोबत लहान मुलांचे एक धार्मिक पाठ्यपुस्तकही आणले. गंमत म्हणजे त्या पुस्तकातल्या एका प्रश्नाच्या उत्तरावरून १८८०च्या दशकात या लोकांत कडाक्याचे भांडण झाले आणि काही गावांत एकाच भाषेची, एकाच पंथाची दोन-दोन चर्चे उभी राहिली!

आता या सगळ्याशी माझा काय संबंध? तर आपल्या बालवर्गासाठी धर्माविषयी प्रश्नोत्तरांची छोटी पुस्तिका तयार करण्याचे काम कमिटीने माझ्यावर सोपवले आहे. ज्यांनी हे काम शतकानुशतके केले त्यांचे पुस्तक आधी पाहावे, म्हणून मी ते इंग्रजी भाषांतरातून वाचले. मी ख्रिस्ती नाही. इथे येऊन मास्टर्स केले ते कॉम्प्युटर सायन्समध्ये. तेव्हा हे परीक्षण एका पालकाचे आहे असे समजून वाचावे.

आधी थोडी पार्श्वभूमी. मार्टिन ल्यूथरची मुख्य शिकवण अशी, की माणूस देवासमोर स्वतःच्या पुण्यकर्मांनी नीतिमान ठरत नाही. तो केवळ देवाच्या कृपेने आणि ख्रिस्तावरील विश्वासाने नीतिमान ठरतो. सॅक्सनीतल्या खेड्यापाड्यांतले लोकांचे धार्मिक अज्ञान पाहून ल्यूथरने १५२९ मध्ये छोटी प्रश्नोत्तरावली लिहिली. घरातल्या कर्त्या माणसाने मुलांना शिकवावी अशी ती बेताची पुस्तिका आहे. दहा आज्ञा, विश्वासाचा अंगीकार, प्रभूची प्रार्थना. आणि प्रत्येक वाक्यानंतर त्याचा अर्थ विचारणारा तोच साधा प्रश्न.

पुढे दोनशे वर्षांनी डेन्मार्क-नॉर्वेच्या राजाने १७३६ मध्ये दृढीकरण संस्कार सर्वांना सक्तीचा केला. त्याशिवाय लग्नही करता येईना. मग मुलांच्या तयारीसाठी एक प्रमाण पुस्तक हवे, म्हणून राजाज्ञेवरून एरिक पाँटोपिडान यांनी १७३७ मध्ये ल्यूथरच्या पुस्तिकेचे स्पष्टीकरण लिहिले. त्याच्या नावाचा अर्थ साधारण ‘सुभक्तीकडे नेणारे सत्य’ असा होतो. त्यात प्रश्न किती? ७५९! पुस्तकाचे श्रेय मात्र नाकारता येणार नाही. दृढीकरणासाठी वाचता यायला हवे, म्हणून १७३९ मध्ये नॉर्वेत खेड्यांतल्या शाळांचा कायदा झाला आणि शेतकऱ्यांची मुले याच पुस्तकावर वाचायला शिकली.

आता येऊ ५४८व्या प्रश्नाकडे. देवाने काही माणसांना तारणासाठी निवडले आहे म्हणजे काय, असा तो प्रश्न. उत्तराचा आशय असा: जे देऊ केलेली कृपा स्वीकारतील, ख्रिस्तावर विश्वास ठेवतील आणि शेवटपर्यंत त्यात टिकतील असे देवाला अनादिकाळापासून आधीच दिसले, त्यांना त्याने अनंतकाळच्या जीवनासाठी नेमले.

बारा-चौदा वर्षांच्या मुलाला हे उत्तर सहज पटते. देव लहरी नाही, त्याने पाहून निवड केली. पण ज्या पुस्तिकेचे हे स्पष्टीकरण, तिच्यातच ल्यूथर मुलाकडून पाठ करून घेतो की मी स्वतःच्या बुद्धीने वा बळाने विश्वासही ठेवू शकत नाही. पवित्र आत्माच तो माझ्यात निर्माण करतो. म्हणजे एका पानावर विश्वास ही देणगी, आणि दुसऱ्या पानावर जणू निवडीची अट. एकच मूल दोन्ही पाठ करते आणि दोन्हींना शाबासकी मिळवते!

या फटीतूनच भांडण आत शिरले. नॉर्वेजियन सिनॉडचे अनेक पाळक सेंट लुईसला, जर्मन मिसूरी सिनॉडच्या सेमिनरीत शिकलेले. तिथले सी. एफ. डब्ल्यू. वॉल्थर म्हणत, देवाने विश्वास पाहून निवड केली म्हटले तर विश्वास हेच माणसाचे पुण्य ठरते, मग ल्यूथरने मिळवले काय? उलट नॉर्वेजियनांचे प्राध्यापक एफ. ए. श्मिट यांनी १८८० पासून आरोप चालवला की वॉल्थर आडवाटेने कॅल्व्हिनचे मत आणत आहेत. बाकावरच्या सामान्य माणसाला लॅटिन कुठले येणार? पण ५४८वे उत्तर त्याला तोंडपाठ होते, आणि कोणी ते चूक म्हटले की आपले बालपणच चूक ठरवल्यासारखे त्याला वाटे. १८८७ मध्ये सुमारे एक तृतीयांश सभासद मंडळ्या सिनॉडमधून बाहेर पडू लागल्या. नॉर्थफील्डचे सेंट ओलाफ कॉलेज याच बाहेर पडलेल्यांकडे होते.

आपल्याकडे मर्कटकिशोर आणि मार्जारकिशोर न्याय सांगतात. माकडाचे पिल्लू आईला स्वतः घट्ट धरते, मांजरीचे पिल्लू आईच तोंडात उचलून नेते. रामानुजांच्या अनुयायांतही यावरून दोन तट पडले. साम्य मोठे आहे, पण एक फरक विसरू नये. इथे दोन्ही बाजू ‘केवळ कृपेने’ असेच म्हणत होत्या. वाद होता तो पिल्लाची पकड हिशेबात धरायची की नाही, याचा.

माझे मत विचाराल तर पाँटोपिडान यांचा हेतू चांगला होता. मुलाने नुसते नावाचे ख्रिस्ती राहू नये, त्याचा विश्वास जिवंत असावा, अशी त्यांची तळमळ पानोपानी दिसते. आणि फक्त ‘देवाने निवडले’ एवढेच सांगितले, तर ‘मला निवडले नसेल तर?’ या भीतीने एखादे मूल रात्रभर जागेल. पण त्यांच्या उत्तराने ती भीती जात नाही, फक्त जागा बदलते. मूल आता विचारणार, ‘माझा विश्वास पुरेसा आहे का? मी टिकेन का?’ शिवाय पुस्तकाचा विषय कृपा आणि वापर परीक्षेसाठी. जे कमावता येत नाही ते ७५९ उत्तरे देऊन कमावायचे! हा दोष मला ५४८व्या उत्तरापेक्षाही मोठा वाटतो.

शेवट कसा झाला? १९१२ मध्ये मॅडिसनला समझोता झाला. त्यात १५७७ च्या ‘फॉर्म्युला ऑफ कॉन्कॉर्ड’चे अकरावे कलम आणि पाँटोपिडान यांचा ५४८वा प्रश्न, दोन्ही मान्य! आमच्या धंद्यात दोन क्लायंट भांडले की स्पेसिफिकेशनमध्ये दोघांचीही वाक्ये ठेवतात, त्यातलाच प्रकार. त्या बळावर १९१७ मध्ये मोठे एकीकरण झाले. मूठभर लोकांना ते मानवले नाही आणि १९१८ मध्ये त्यांनी वेगळी चूल मांडली. त्यांचा सिनॉड आजही आपल्याच राज्यात, मँकॅटोला आहे. त्यांच्या कडवेपणाविषयी काहीही म्हणा, पण दोन उत्तरे एक नाहीत एवढे त्यांनी स्वच्छ ओळखले होते.

असो. आपल्या पुस्तिकेचे काय? तीत सण, संत, श्लोकांचे अर्थ यांची उत्तरे जरूर छापू. पण ‘देव कोणावर कृपा करतो?’ हा प्रश्न आला तर त्याखाली मी रिकामी जागा सोडणार आहे, आणि त्यावर मार्क नसतील. त्या प्रश्नावर आई-बाबांनी मुलांशी घरी बोलावे. कमिटीला हे पटले नाही, तर वार्षिक सभेत जरूर चर्चा करू!