'निमिस' आणि लॅडोनिया : वास्तू, कायदा व विडंबन

दक्षिण स्वीडनमधील कुल्लाबेर्ग या संरक्षित निसर्गक्षेत्राच्या खडकाळ किनाऱ्यावर लार्स विल्क्स या कलावंताने १९८० मध्ये वाहून आलेली लाकडे खिळ्यांनी जोडून 'निमिस' उभारण्यास प्रारंभ केला. या लॅटिन शब्दाचा अर्थ 'अतिरेक'. जागा इतकी आडबाजूची, की सुमारे दोन वर्षे प्रशासनास त्याचा पत्ताही नव्हता. पुढे ते हटविण्याचा आदेश निघाला, तेव्हा या रचनेस 'इमारत' ठरविण्यात आले. कारण तेथे मनाई होती ती बांधकामास. जेथे कोणी राहू शकत नाही ते घर कसे, या प्रश्नातच निमिसचे खरे मूल्य आहे. केवळ शिल्प म्हणून पाहिल्यास तिचे मनोरे ओबडधोबडच म्हणावे लागतील.

येथे चंदीगडच्या नेकचंद यांचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. या रस्ते निरीक्षकाने १९५७ पासून राखीव जंगलात गुपचूप उभारलेले 'रॉक गार्डन' शासनाने १९७६ मध्ये लोकांसाठी खुले केले आणि नेकचंद यांना पगार व मजूरही दिले. शासनाने कलावंत आपलासा केला. त्यामुळे संघर्षच उरला नाही. विल्क्स यांच्या वाट्याला न्यायालये आली.

२ जून १९९६ रोजी त्यांनी या परिसरास 'लॅडोनिया' हे स्वतंत्र राष्ट्र घोषित केले. येथे ध्वज आहे, मंत्री आहेत, रहिवासी मात्र नाहीत. कर भरावयाचा तो पैशात नव्हे, सर्जनशीलतेत! १९९९ मध्ये उभारलेले 'ओम्फालोस' हे सुमारे १.६ मीटर उंचीचे काँक्रीटचे शिल्प २००१ मध्ये हलविण्यात आले. त्या जागी स्मारक उभारण्याची परवानगी विल्क्स यांनी रीतसर मागितली. ती मिळालीही, पण ८ सेंटिमीटरपेक्षा अधिक उंची नको या अटीवर. त्यांनी तेवढेच स्मारक उभारले. लॅडोनियाच्या साऱ्या राजचिन्हांपेक्षा हे इवलेसे स्मारक अधिक बोलके आहे. येथे विडंबनाचा निम्मा मजकूर प्रशासनानेच लिहून दिला.

तथापि या विडंबनाची एक मर्यादा अभ्यासकांकडून दुर्लक्षित राहते. २००२ च्या सुमारास सुमारे तीन हजार पाकिस्तानी नागरिकांनी लॅडोनिया हा खरा देश समजून तेथे स्थायिक होण्यासाठी अर्ज केले. ही घटना बहुधा गमतीदार किस्सा म्हणून सांगितली जाते. वस्तुतः ज्याच्या खिशात स्वीडनचे पारपत्र आहे, त्यालाच राष्ट्र या कल्पनेची थट्टा परवडते. अर्जदारांना हवी होती ती राहण्यासाठी जमीन, आणि लॅडोनियात नेमकी तीच नव्हती.