प्रदर्शन चांगले, पण वाट सापडेना

गेल्या डिसेंबरात एका तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनाला परीक्षक म्हणून जाण्याचा योग आला. प्रकल्प चांगले होते, काही तर फारच चांगले. तरीही परतताना मनाला रुखरुख लागली, ती मांडणीविषयी.

प्रवेशद्वारावर भला मोठा फलक होता. त्यावर शाळेचे, संस्थेचे आणि प्रमुख पाहुण्यांचे नाव ठळक अक्षरांत होते. कोणत्या खोलीत काय पाहायला मिळेल, हे मात्र कुठेच लिहिलेले नव्हते. प्रकल्पांना क्रमांक नावनोंदणीच्या क्रमाने दिलेले. त्यामुळे सौरचुलीशेजारी गणिताचे कोडे आणि त्याशेजारी गांडूळखत. बोधचिन्ह फलकावर एक, बिल्ल्यावर दुसरे, प्रमाणपत्रावर तिसरे. बोधचिन्ह नुसते शोभेसाठी नसते. 'ही खूण जिथे, तिथे प्रदर्शन' एवढे त्याने सांगितले तरी पुरे. तेवढेही न झाल्याने काही पालक पाचवीच्या चालू वर्गात शिरले!

जिन्यापलीकडच्या शेवटच्या खोलीत नववीतली एक मुलगी बसली होती. तिने गावातल्या विहिरींच्या पाण्याची पातळी वर्षभर मोजून आलेख काढले होते. माझ्या मते प्रदर्शनातले सर्वांत अस्सल काम ते. दुपारपर्यंत तिच्या अभिप्राय वहीत चार सह्या होत्या.

'सजावटीत राहून गेले' म्हणून हे सोडून देता येणार नाही, कारण यातही विज्ञान आहे. दृष्टी निर्दोष असलेल्या माणसालाही अक्षर जेमतेम ओळखता येण्यासाठी ते डोळ्याशी सुमारे ५ मिनिटांचा, म्हणजे एका अंशाच्या बाराव्या भागाचा कोन करणारे असावे लागते. नेत्रतपासणीचा स्नेलेन तक्ता (१८६२) याच हिशेबावर उभा आहे. त्यानुसार ६ मीटरवरून वाचायचे अक्षर किमान ९ मिलिमीटर उंच हवे, १२ मीटरवरून १७ ते १८ मिलिमीटर. चालता चालता सहज वाचायचे तर याच्या तिप्पट धरावे. त्या लांबलचक व्हरांड्याच्या टोकाला लावलेल्या कागदावरची अक्षरे जेमतेम एक सेंटिमीटरची होती. शिवाय देवनागरीत अनुस्वाराचा ठिपका फार लहान. तो दिसला नाही तर 'रंग'चा 'रग' होतो.

दुसरी गोष्ट रंगाची. बाण हिरव्या कार्डबोर्डवर लाल रंगाने काढले होते. लाल-हिरव्यातला फरक नीट न कळण्याचा दोष बहुधा एक्स गुणसूत्रावरून येतो, म्हणून तो मुलींपेक्षा मुलांत पुष्कळ अधिक आढळतो. अशा मुलाला तो बाण दिसणेच कठीण. फलकाचा मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढून पाहावा; अक्षरे पार्श्वभूमीत मिसळली तर रंगांची निवड चुकली.

तिसरी गोष्ट, काय गाळायचे ती. हॅरी बेक यांनी १९३१ साली लंडनच्या भुयारी रेल्वेचा नकाशा नव्याने आखला. तो १९३३ साली लोकांच्या हाती आला. विजेच्या मंडलांच्या आकृत्या काढणाऱ्या या आरेखकाने खरी अंतरे व वळणे सोडून दिली आणि स्थानकांचा क्रम व गाडी बदलण्याच्या जागा तेवढ्या ठेवल्या. प्रवाशाला तेवढेच हवे होते. प्रदर्शनाच्या फलकावरही पाहुण्यांच्या पदव्यांपेक्षा 'पाणी : जिन्याने वर, उजवीकडे' हे महत्त्वाचे.

मग करायचे काय? प्रकल्प विषयवार गटांत मांडावेत आणि प्रत्येक गटाला एक रंग व एक खूण द्यावी. रंग न कळणाऱ्याला खूण उपयोगी पडते. माणूस जिथे थबकतो, म्हणजे फाटक, जिना, व्हरांड्याचे वळण, तिथेच फलक लावावा.

आणि हे काम रंगाऱ्यावर न सोपवता विद्यार्थ्यांकडे द्यावे. शाळा कधीच न पाहिलेल्या एखाद्या पालकाला आदल्या दिवशी सांगावे, "विहिरींचा प्रकल्प शोधून काढा." मुलांनी एक शब्दही न बोलता मागे चालावे आणि ते कुठे थांबले, कुठे चुकले, किती वेळ लागला, हे नोंदवावे. मग फलक बदलून दुसऱ्या पालकावर पुन्हा पाहावे. अंदाज, निरीक्षण, दुरुस्ती : प्रयोग म्हणतात तो याहून वेगळा काय असतो?