चारशे वर्षांचा आकडा आणि करड्या छटांची परीक्षा

छायाचित्रणाच्या शोधाची घोषणा पॅरिसमध्ये झाली ती १८३९ साली. म्हणजे या कलेलाच अजून दोनशे वर्षे पुरी व्हायची आहेत. असे असताना, प्रिंटर बनवणाऱ्या एप्सन कंपनीने २०१५च्या सुमारास आणलेल्या शाईची जाहिरात कृष्णधवल प्रिंट ४०० वर्षांपर्यंत टिकेल असे सांगत होती. हा आकडा हवेतून आलेला नाही, त्यामागे चाचणी आहे. पण ती कोणत्या दिव्याखाली झाली, किती बिघाड क्षम्य धरला, हे ग्राहकापर्यंत पोचत नाही. इंकजेट प्रिंट्सच्या टिकाऊपणाच्या परीक्षेचे आजचे दुखणे हेच आहे.

या परीक्षेची गरज ठेच लागल्यावर पटली. नव्वदच्या दशकात कलादालनांत मानाने लागलेल्या आयरिस इंकजेट प्रिंटरच्या प्रिंट्स डाय शाईच्या, म्हणजे विरघळलेल्या रंगाच्या होत्या आणि उजेडात लवकर विटत. २०००च्या आसपास घरगुती फोटो प्रिंटरच्या काही प्रिंट्स नुसत्या उघड्या हवेत नारिंगी पडू लागल्या. हवेतला ओझोन त्यांतला निळसर सायन रंग खात होता. रंगद्रव्याच्या, म्हणजे पिगमेंट शाया पुढे आल्या त्या यानंतर. अमेरिकेच्या आयोवा राज्यातील ग्रिनेल गावी प्रिंटचा टिकाऊपणा तपासणाऱ्या हेन्री विल्हेल्म यांच्या प्रयोगशाळेचा तोवर या क्षेत्रात दबदबा निर्माण झाला होता. रंगीत छायाचित्रांच्या जपणुकीवरचा त्यांचा जाडजूड ग्रंथ १९९३चा.

चाचणीचा गाभा सोपा आहे. प्रिंटवर प्रखर उजेड सोडायचा, ठरावीक टप्प्यांवर रंग मोजायचे आणि बिघाड ठरलेल्या मर्यादेला पोचला की तोवर पडलेला एकूण उजेड मोजायचा. त्याची ‘वर्षे’ करताना मात्र गृहीतक शिरते. विल्हेल्म घरातला उजेड ४५० लक्स (उजेड मोजण्याचे एकक) आणि रोज १२ तास धरतात, म्हणजे वर्षाला सुमारे १९.७ लाख लक्स-तास. कोडॅक १२० लक्स धरत असे, म्हणजे सव्वापाच लाख. एका हिशेबाने १०० वर्षे टिकणारी प्रिंट दुसऱ्या हिशेबाने ३७५ वर्षांची होते. शाई तीच, कागदही तोच. शिवाय मंद उजेडात वर्षानुवर्षे होणारा परिणाम आणि झगझगीत दिव्याखाली काही महिन्यांत होणारा परिणाम दर वेळी सारखाच असतो असेही नाही.

कृष्णधवल प्रिंटच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. जुने निकष रंगीत फोटोंसाठी घडले. एखाद्या रंगाची घनता पाव ते तृतीयांश घटेपर्यंत ते प्रिंटला पास करत. रंगीत दृश्यात, पानाफुलांच्या गर्दीत, एवढी घट खपून जाते. करड्या छटेत खपत नाही. तिथे किंचित हिरवट किंवा गुलाबी झाक आली तरी डोळ्याला टोचते. प्रिंट गडदपणात उत्तीर्ण आणि छटेत नापास, असा निकाल त्यामुळे शक्य होतो.

ही झाक येण्याचे मूळ कारण शाईच्या घडणीत आहे. काळ्या पिगमेंट शाईचा आधार कार्बन. आपल्या जुन्या पोथ्यांची काळी अक्षरे काजळीच्या शाईमुळे आजही ठळक आहेत. उजेडापुढे कार्बन सहसा हार मानत नाही. पण नुसता कार्बन कागदावर तपकिरी झुकतो. तटस्थ करडा हवा तर त्यात निळे, जांभळट रंगद्रव्य मिसळावे लागते आणि पहिली उडते ती ही मिसळण. एप्सनने २००५मध्ये के-३ शायांत काळ्याच्या तीन पातळ्या दिल्या आणि कृष्णधवलसाठी वेगळी छपाई-पद्धत दिली. तिच्यात रंगीत शाई नाममात्र लागते, म्हणून प्रिंट जास्त टिकते. तोच फोटो नेहमीच्या रंगीत पद्धतीने छापला तर करडा रंग घडवण्यात रंगीत शायांचा वाटा वाढतो. व्हरमाँटचे जॉन कोन यांची पिएझोग्राफी ही शाई-प्रणाली आणि कॅलिफोर्नियाच्या पॉल रोआर्क यांची कार्बन मिश्रणे याच विचाराने एक पाऊल पुढे गेली: रंगीत शायांच्या जागी करड्याच्याच अनेक पायऱ्या.

करड्या छटेतल्या या सूक्ष्म फरकांना न्याय देणारी मोजणी मार्क मॅककॉर्मिक-गुडहार्ट यांनी रुळवली. विल्हेल्म यांच्यासह त्यांनी मांडलेली आय-स्टार पद्धत मूळ प्रिंटशी तुलना करून रंगछटा आणि उजळ-गडद यांचा समतोल किती ढळला ते पाहते. मॅसॅच्युसेट्समधील त्यांची आर्डनबर्ग संस्था निकाल वर्षांत न देता मेगालक्स-तासांत, म्हणजे दशलक्ष लक्स-तासांत देते. तुमच्या भिंतीवरचा उजेड किती, हा हिशेब तुम्ही करायचा. माझ्या मते आज उपलब्ध असलेली ही सर्वांत प्रामाणिक पद्धत. तिची मर्यादा आवाक्याची आहे. शाई, कागद आणि छपाई-पद्धत यांच्या जोड्या असंख्य, तपासणारे हात थोडे.

कागदही निर्दोष नसतो. पांढराशुभ्र दिसण्यासाठी घातलेली चमकद्रव्ये उजेडात निकामी होतात आणि कोरा भाग पिवळट पडतो. शाई जागच्या जागी असूनही चित्राचा तोल जातो. अर्थात डार्करूमची चांदीची प्रिंट अमर होती असेही समजू नये. सत्तरच्या दशकातल्या प्लॅस्टिक थराच्या कागदांवर, विशेषतः काचेआड, चांदीचे ऑक्सिडीकरण होऊन डाग पडले होते.

राहिली दमट हवा. उजेड, उष्णता, ओझोन आणि आर्द्रता यांच्या प्रमाणित चाचण्या वेगवेगळ्या होतात. विल्हेल्म यांची उजेडाची चाचणी २४ अंश सेल्सिअस आणि ६० टक्के आर्द्रतेला चालते. जुलैतल्या मुंबईत आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. सगळे शत्रू एकदम चालून आल्यावर काय होते, याचे उत्तर जाहिरातीतल्या आकड्यात नाही.

तेव्हा प्रिंट विकत घेताना वर्षे विचारू नका. शाई कोणती, कागद कोणता, त्यात चमकद्रव्य आहे का आणि छपाई कृष्णधवल पद्धतीने झाली का, हे विचारा. स्वतः छापत असाल तर करड्या पट्ट्यांची एकेक प्रिंट आपल्या दोन कागदांवर काढून अर्धी झाकून खिडकीत लावा, तारीख लिहा आणि शेजारी रंग विटण्याचे माप म्हणून वस्त्रोद्योगात वापरतात ती निळ्या लोकरीची प्रमाणपट्टी ठेवा. या साध्या चाचणीने चारशे वर्षांचे भविष्य कळणार नाही. पण त्या दोन कागदांपैकी लवकर दगा देणारा कोणता, ते नक्की कळेल.