सावित्रीबाई फुले यांचें नायगांवचें पत्र : एक चिकित्सा

सावित्रीबाई फुले यांनीं जोतीरावांस लिहिलेलीं तीन पत्रें डॉ. मा. गो. माळी यांनीं संपादिलेल्या व १९८८ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘सावित्रीबाई फुले समग्र वाङ्मय’ या ग्रंथांत आहेत. त्यांपैकीं दुसऱ्याचा विचार येथें कर्तव्य आहे. मिति २९ ऑगस्ट १८६८. ठिकाण नायगांव, पेटा खंडाळा, सातारा. (बोरघाटांतील खंडाळ्याशीं याचा संबंध नाहीं, हा खंबाटकी घाटाच्या पायथ्याचा.) बाई त्या वेळीं माहेरीं होत्या.

पत्राचा विषय असा. गणेश नांवाचा एक ब्राह्मण पंचांग सांगत गांवोगांव फिरे. शारजा नांवाच्या महार जातीच्या मुलीशीं त्याचें प्रेम जमलें व ती गरोदर राहिली. गांवकऱ्यांनीं दोघांस धरून गांवांतून मिरवीत मारावयास चालविलें होतें. बाई धांवत गेल्या आणि खून केल्यास इंग्रजी कायद्यानें काय परिणाम होतील तें सांगून त्यांनीं जमाव परतविला.

चरित्रपर पुस्तिकांतून व व्याख्यानांतून हकीकत बहुधा येथेंच थांबते. पत्र येथें थांबत नाहीं. भटानें व महारणीनें गांव सोडलाच पाहिजे, अशी अट सदूभाऊ नांवाच्या गृहस्थानें पुढें घातली. दोघांनीं ती कबूल केली. आणि बाईंनीं त्यांस पुण्यास जोतीरावांकडे पाठविलें. हा उत्तरार्ध गाळला म्हणजे पत्राचा अर्थच पालटतो. लेखिकेनें स्वतः तो गाळलेला नाहीं, आणि मला त्यांतच या पत्राचें प्रामाण्य अधिक दिसतें. आपला विजय रंगवूं पाहणाऱ्यानें ही अट लिहिलीच नसती.

भारतीय दंडसंहिता अंमलांत येऊन (१ जानेवारी १८६२) तेव्हां सहा वर्षें झालीं होतीं. खुनाची शिक्षा फांशी अथवा जन्मठेप, हें भय नायगांवापर्यंत पोंचलें होतें. परंतु गांवांत कोणी राहावें व कोणी राहूं नये, हा निवाडा गांवानें आपल्याच हातीं ठेविला. १८५० चा एकविसावा कायदा जातिबहिष्कृताचा वारसाहक्क राखीत असे खरा. शारजेपुढें प्रश्न इस्टेटीचा नसून बिऱ्हाडाचा होता. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राचा स्वतंत्र कायदा २०१६ चा आहे, हें अंतर वाचकांनीं मोजून पाहावें.

येथें शास्त्राची साक्ष काढणाऱ्यांसाठीं एक गोष्ट नमूद करतों. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायांत अंत्यज स्त्रीशीं संग करणाऱ्या विप्रास पातित्य सांगितलें आहे. जमावानें दोघांस ठार मारावें असें तेथें नाहीं. मात्र त्या वचनांत चिंता सगळी विप्राच्या पतनाची आहे. स्त्रीचें पुढें काय, हा प्रश्न स्मृतिकारास पडलेला नाहीं. आपल्या दफ्तरांतील ग्रामण्याच्या कागदांचीही बहुशः हीच तऱ्हा : ब्रह्मवृंदाचीं नांवें, प्रायश्चित्ताचा खर्च, सरकारची आज्ञा, आणि जिच्यामुळें वाद उठला ती ‘अमुक जातीची बायको’. नायगांवच्या पत्रांत शारजेस नांव आहे, जात आहे, कितवा महिना आहे तेंही आहे. पुण्यांत फुले दांपत्यानें १८६३ मध्यें बालहत्याप्रतिबंधक गृह काढलें होतें. गरोदर बाईस प्रथम आसरा लागतो हें लेखिकेस अनुभवानें ठाऊक होतें.

हेंच माहेर बारा वर्षांपूर्वीं कसें होतें, तें १० ऑक्टोबर १८५६ च्या पहिल्या पत्रांत पाहावें. तेथें वाद घालणारा खुद्द बंधु आहे, आणि महारमांगांस शिकविण्याचें काम सोडावें असा त्याचा आग्रह आहे. दोन्हीं पत्रें शेजारीं ठेवून वाचलीं तर गांवचा विरोध घरांतून वेशीपर्यंत सारखाच होता हें उघड होतें.

वाड्यांतले रुमाल सोडतांना सनदा, महजर व वतनपत्रें आपण प्रथम उचलतों; बायकांच्या हातचीं पत्रें ‘घरगुती’ असा शेरा मारून तळाशीं जातात. मीं स्वतः दोन रुमाल याच रीतीनें तपासून बांधून ठेविले आहेत. या पावसाळ्यानंतर ते पुन्हां सोडावयाचे आहेत.