सुफळ संपूर्ण झाल्यावर

ज्युलिया क्विन यांच्या ब्रिजर्टन मालिकेतल्या आठ कादंबऱ्या २००० ते २००६ या काळात आल्या. आठ भावंडं, आठ लग्नं. तरी वाचक विचारत राहिले, पुढे काय झालं? म्हणून क्विन यांनी प्रत्येक कादंबरीला आणखी एक उपसंहार लिहिला. आधी हे उपसंहार सुटे ई-बुक म्हणून मिळत. २०१३ मध्ये ते एका पुस्तकात एकत्र आले.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर असल्यामुळे हा प्रकार मला ओळखीचा वाटतो. प्रॉडक्ट बाजारात गेलं, तक्रारी आल्या, आता पॅच द्या. कधी ते योग्यही असतं. 'द ड्यूक अँड आय'मध्ये सायमनच्या वडिलांची पत्रं न उघडताच राहतात. त्यांचं काय झालं, हा प्रश्न गोष्टीतूनच उगवलेला आहे.

'व्हेन ही वॉज विकेड'चं मात्र तसं नाही. फ्रान्सिस्काचा पहिला नवरा जातो, पाठोपाठ गर्भही जातो. मूल हवं म्हणून ती पुन्हा लग्नाचा विचार करते, आणि मायकलच्या प्रेमात पडते. कादंबरी संपते तेव्हा मुलाची काहीच हमी नसते. हमी नसताना तिनं मायकलला निवडणं, हेच मला त्या कादंबरीचं बळ वाटतं. जादा उपसंहारात तिला मूल होतं, आणि तिचं दुःख म्हणजे जणू बंद करायचं राहिलेलं तिकीट होऊन जातं.

हा प्रश्न आमच्या संभाजीनगरातही रोजचा आहे. लग्नाला वर्ष झालं की हळदीकुंकवाला कुणीतरी विचारतंच, "काय गं, गोड बातमी कधी?" माझ्या मावसबहिणीनं त्यापायी बारशांना जाणं सोडलंय. उपसंहार वाचून ती एवढंच म्हणाली, "मूल झालं नसतं, तर तिचं लग्न अर्धंच राहिलं असतं का?"

रणजित देसाई यांच्या 'स्वामी'तल्या (१९६२) माधवराव-रमाबाईंनाही मूल नाही. १७७२ मध्ये माधवराव थेऊरला जातात, रमाबाई सती जातात. तो शेवट कुणालाही हवासा वाटणार नाही, आणि इतिहासामुळे लेखकाला तो बदलताही येत नाही. पण मूल नाही म्हणून त्यांचं प्रेम अपुरं होतं, असं म्हणणारा वाचक मला अजून भेटलेला नाही.

क्विन यांनाही हे जमतं. त्याच २०१३ च्या पुस्तकात 'व्हायोलेट इन ब्लूम' आहे, ब्रिजर्टन भावंडांच्या आईची गोष्ट. मधमाशी चावल्याचं निमित्त होऊन तिचा नवरा एडमंड जातो आणि ती पुन्हा लग्न करत नाही. ही उणीव भरून काढायला लेखिका कुणाला पाठवत नाही. व्हायोलेट म्हातारी होते, नातवंडांत रमते, एडमंडची आठवण काढते. सगळ्या पुस्तकात मला हीच गोष्ट सर्वांत पूर्ण वाटली.